लिक्विडेटरनं दावा टाकलाय, कंपनीकडे छदाम नाही: खर्चाचं तारण मागता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीवर, लिक्विडेशनमध्ये गेलेल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या लिक्विडेटरनं (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्यानं) बेळगावात ₹१ कोटी ४० लाखांचा दावा लावला आहे. कास्टिंगसाठी दिलेली आगाऊ रक्कम परत करा, अशी मागणी. फाउंड्रीवाल्यांचं म्हणणं, माल केव्हाच गेला, वजनकाट्याच्या पावत्या आहेत, उलट कंपनीकडूनच येणं बाकी आहे. दावा लढायला पाच-सहा लाख लागणार. जिंकलो तरी ते बुडालेल्या कंपनीकडून वसूल कसे होणार? म्हणून आधी तारण ठेवा आणि मग दावा चालवा, असं कोर्टाला सांगता येईल का?

मागता येतं. पण ‘कंपनी दिवाळखोर आहे’ एवढ्या एका वाक्यावर मिळेल असं धरून बसू नका.

गोंधळ होतो तो जुन्या पुस्तकांमुळे. १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम ६३२ होतं. दावा हरल्यास प्रतिवादीचा खर्च वादी लिमिटेड कंपनीला देता येणार नाही असं मानायला कारण असेल, तर कोर्टाला तिच्याकडून पुरेसं तारण मागता येईल आणि ते येईपर्यंत काम थांबवता येईल, अशी त्यात थेट तरतूद होती. २०१३ च्या कायद्यात ते कलम आलेलं नाही. इंग्लंडमध्ये तशी तरतूद अजून आहे आणि तिकडे लिक्विडेटरच्या दाव्यात असा अर्ज येणं नेहमीचंच. तिथं वाद रंगतो तो पुढच्या टप्प्यावर: लिक्विडेटरनं हरल्यास खर्च भरून देणारी विमा पॉलिसी काढली असेल तर ती तारण म्हणून चालेल का? २०१७ साली प्रीमियर मोटरऑक्शन्सच्या प्रकरणात तिथल्या अपील कोर्टानं म्हटलं की विमा कंपनी ज्या पॉलिसीतून अंग काढून घेऊ शकते तिच्यावर प्रतिवादीनं विसंबावं असं म्हणता येत नाही. वाचायला छान आहे, पण आपल्याकडे ते कलम नाही आणि तशी पॉलिसी सर्रास मिळतही नाही. इंग्रजी निकालांची चळत अर्जाला जोडली की समोरचा वकील पहिल्याच तारखेला ‘कलम कोणतं?’ असं विचारतो.

आपल्याकडचं कलम म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर २५, नियम १. दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, प्रतिवादीच्या अर्जावर किंवा स्वतःहून, कारणं नोंदवून, झालेल्या आणि होऊ घातलेल्या खर्चाचं तारण द्यायला कोर्ट वादीला सांगू शकतं. ‘सांगू शकतं’, म्हणजे मर्जी कोर्टाची. सक्ती एकाच ठिकाणी आहे: वादी भारताबाहेर राहतो आणि दाव्यातली मालमत्ता सोडली तर त्याची भारतात पुरेशी स्थावर मालमत्ता नाही. लिक्विडेटर पुण्याचा असो की मुंबईचा, त्याला ही सक्ती लागू होत नाही. महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणजे परदेश होत नाही.

मर्जीच्या भागात कोर्टं हात आखडता घेतात. वादी गरीब आहे एवढ्यावर तारण मागू नये, ही जुनी रीत आहे, कारण तसं केलं तर न्यायालयाचं दार पैसेवाल्यालाच उघडं राहील. विनोद सेठ विरुद्ध देविंदर बजाज (२०१०) या प्रकरणात दिल्ली हायकोर्टानं वादीकडून, दावा हरल्यास ₹२५ लाख देईन असं हमीपत्र मागितलं होतं. सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. संहितेच्या कलम १५१ च्या अंगभूत अधिकाराखाली मनाला येईल ती रक्कम मागता येत नाही, हा धडा त्यातून घ्या. अर्ज ‘ऑर्डर २५ नियम १ आणि कलम १५१’ असाच लिहा, पण भिस्त ऑर्डर २५ वर ठेवा. शिवाय कंपनीसुद्धा ऑर्डर ३३ खाली नादार म्हणून दावा लावू शकते, हे युनियन बँक विरुद्ध खादर इंटरनॅशनल (२००१) या प्रकरणात ठरलेलं आहे. कायदा जिला कोर्ट फी माफ करायला तयार आहे, तिच्याकडे नुसत्या कफल्लकपणावरून तारण कसं मागता? हा प्रश्न येणारच.

म्हणून अर्जात कफल्लकपणाच्या जोडीला आणखी काही लागतं. लिक्विडेटरच्या दाव्यात ते सहसा सापडतं. लिक्विडेटर हा गरीब वादी नव्हे. तो धनकोंच्या वतीनं लढतो. जिंकला तर पैसा आयबीसीच्या (दिवाळखोरी संहिता, २०१६) कलम ५३ च्या रांगेनं बँकांपर्यंत जातो. हरला तर खर्च कुणाच्याच खिशातून जात नाही. कलम २३३ मुळे सद्‌भावनेनं केलेल्या कामासाठी त्याला वैयक्तिक जबाबदार धरणं जवळजवळ अशक्य. तुमच्या खर्चाचा हुकूम लिक्विडेशनचा खर्च म्हणून रांगेत सगळ्यात पुढे बसवावा असा युक्तिवाद करता येतो, पण कढईच रिकामी असेल तर पंगतीत पहिला बसून काय उपयोग! फायदा ज्यांचा होणार त्यांनी जोखमीचा थोडा भार उचलावा, हा अर्जाचा कणा. तो कागदांनी उभा करावा लागतो.

पहिला कागद म्हणजे दावा लावायची परवानगी. लिक्विडेशनचा हुकूम झाल्यावर कंपनीच्या वतीनं नवा दावा लावायचा तर आयबीसीच्या कलम ३३(५) खाली एनसीएलटीची (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण), म्हणजे कंपनी कर्नाटकात नोंदलेली असेल तर बंगळुरू खंडपीठाची, पूर्वपरवानगी लागते. (दावा लिक्विडेशनच्या आधीचा असून नुसता पुढे चालू असेल तर हा मुद्दा येत नाही.) परवानगी नसेल तर तो दोष कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, ठळक मांडा, पण त्यावर सगळा डाव लावू नका, बहुतेक लिक्विडेटर मागाहून परवानगी आणून भोक बुजवायला बघतात. खरा माल आहे तो परवानगीच्या अर्जात. दाव्याला पैसा कुठून आणणार, यशाची शक्यता किती, सल्लागार समितीचं मत काय, हे त्यात किंवा त्याच्या जोडपत्रांत असण्याची शक्यता मोठी. त्याची प्रमाणित नक्कल मागा. त्यात ‘बँक खर्च उचलणार’ असं असेल तर तुमचा अर्ध्याहून अधिक अर्ज तिथंच लिहून झाला.

बाकीचे कागद: लिक्विडेशनचा हुकूम, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवरची चार्जांची (बोजांची) यादी, धनकोंच्या दाव्यांची यादी, लिलावाच्या नोटिसा. कंपनीची जमीन, मशिनरी केव्हाच विकली गेली आणि आता हा दावा हीच एकमेव मालमत्ता उरली आहे, हे लिलावाच्या नोटिसांवरून दिसतं. लिक्विडेटरचे तिमाही प्रगती अहवालही मागा. आयबीसीखालच्या लिक्विडेशन रेग्युलेशन्सच्या नियम २अ प्रमाणे खर्चाची तूट वित्तसंस्था असलेल्या धनकोंकडून मागता येते. तशी मागणी झाली का, पैसे आले का, हे उघड करायला लावा. कुणी तिऱ्हाईत पैसा पुरवत असेल तर तेही. वकील नसलेल्या तिऱ्हाईतानं दाव्याला पैसा पुरवण्यावर सरसकट बंदी दिसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ साली ए. के. बालाजी प्रकरणात म्हटलं आहे. तेव्हा ‘पैसा पुरवणं बेकायदा’ असं लिहू नका. पैसा पुरवणारा जिंकल्यावर वाटा घेणार असेल तर हरल्यावर नामानिराळा का राहावा, एवढंच लिहा.

इथं सीमाभागातली एक नेहमीची चूक. महाराष्ट्रात ऑर्डर २५ ला राज्याची दुरुस्ती जोडलेली आहे आणि तिच्याखाली दाव्याला पैसा पुरवणाऱ्याला पक्षकार करून त्याच्याकडून तारण मागता येतं. कोल्हापूरच्या वकिलाकडून आणलेला मसुदा बेळगावात तसाच टाकला की ती तरतूद सोबत येते आणि अर्ज हास्यास्पद होतो. राज्याची दुरुस्ती राज्यापुरती. कर्नाटकाला लागू असलेला पाठ काढून त्यावरच अर्ज बेता.

आता घड्याळ. आगाऊ रकमेचा आणि मालाचा व्यापाऱ्यांमधला वाद ₹३ लाखांच्या वर असेल तर तो व्यावसायिक दावा. त्यात कैफियत समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत आली नाही तर हक्कच जातो. एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स विरुद्ध चामणकर (२०१९) या निकालानंतर त्यात सवलत उरलेली नाही. तारणाचा अर्ज दिला म्हणून हे घड्याळ थांबत नाही. ‘आधी तारण ठरू दे, मग कैफियत’ म्हणत थांबलेला प्रतिवादी १२१ व्या दिवशी हात चोळत बसतो. कैफियत आणि अर्ज एकाच तारखेला द्या, जमलं तर अर्ज त्याहून आधी. उशीर करू नका, कारण वादमुद्दे निघाले, साक्षीपुरावा सुरू झाला आणि मग तारण मागितलं तर ते दावा दाबण्यासाठीच आहे असा वास येतो. तातडीची मागणी नसलेल्या व्यावसायिक दाव्याआधी व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची मध्यस्थी झाली होती का, तेही त्याच वेळी पाहा. पाटील ऑटोमेशन (२०२२) निकालानं ती सक्तीची ठरवली आहे.

रक्कम किती मागायची? इथं सर्वांत जास्त अर्ज फसतात. तुमचा वकील काय घेतो यावर तारण ठरत नाही. दावा जिंकल्यावर कोर्ट किती खर्च देववेल, यावर ठरतं. साध्या दिवाणी दाव्यात खर्च ठरलेल्या नियमांनीच मिळतो, आणि प्रत्यक्ष खर्चाच्या मानानं तो तुटपुंजा असतो. संजीव कुमार जैन (२०११) प्रकरणात सुप्रीम कोर्टानं नियमांबाहेर जाऊन प्रत्यक्ष खर्च देववता येत नाही असं सांगितलं, आणि नियम बदला असंही सुचवलं. व्यावसायिक दाव्यात मात्र दिवाणी संहितेचं कलम ३५ बदललेलं आहे: हरणाऱ्यानं खर्च द्यावा ही सर्वसाधारण रीत, आणि त्यात साक्षीदारांचा, वकिलांचा, कामकाजाचा वाजवी खर्च येतो. दावा व्यावसायिक आहे हे वाक्य म्हणूनच अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हवं.

प्रत्येक आकडा वेगळा दाखवा. समजा तुमचा अंदाज असा आहे: वकील फी ₹३,५०,०००, मराठी खतावणी आणि चलनांचं भाषांतर २१० पानं, पानाला ₹२०० प्रमाणे ₹४२,०००, धातुतज्ज्ञाचा अहवाल ₹६०,०००, साक्षीदारांचा प्रवास-भत्ता ₹२८,०००, कोर्ट कमिशनर ₹४०,०००. एकूण ₹५,२०,०००. सगळे एकदम मागू नका. वादमुद्दे निघेपर्यंत वकील फीपैकी ₹१,२०,००० आणि भाषांतर, मिळून ₹१,६२,००० चं तारण आत्ता; उरलेले ₹३,५८,००० पुराव्याच्या टप्प्यावर, नव्या अर्जानं. टप्प्याटप्प्यानं मागणाऱ्याला कोर्ट ऐकून घेतं. दाव्याच्या दहा टक्के, म्हणजे ₹१४ लाख, अशी सरसकट मागणी केली की ती लगेच डोळ्यात येते.

भाषांतराचा खर्च फुगवलाय असं समोरचा म्हणेल. आपल्या भागातल्या फाउंड्रीत खतावणी मराठीत, चलनावर निम्मं मराठी निम्मं इंग्रजी, वजनकाट्याची पावती कन्नडमध्ये, हे त्याला माहीत नसेल तर कोर्टाला माहीत असतं. कन्नड किंवा इंग्रजी भाषांतराशिवाय खतावणीवर युक्तिवाद होत नाही. दोन-तीन पानांचा नमुना आणि भाषांतरकाराचं लेखी दरपत्रक जोडा. आकड्याला आधार दिसतो.

लिक्विडेटरचं उत्तर ठरलेलं असतं. एक, तारण मागितलं तर खरा दावा गुदमरेल. दोन, कंपनी बुडाली ती याच प्रतिवादीनं पैसे अडकवल्यामुळे. पहिल्यावर विचारा: धनकोंकडे मागितलं का? नाही म्हणाले का? लेखी दाखवा. बँका स्वतःच्या फायद्याच्या दाव्यासाठी दीड लाख काढत नसतील, तर दाव्याच्या ताकदीबद्दल त्यांचं मत काय ते त्यातून कळतं. दुसरं उत्तर जास्त धोक्याचं. ते खोडायला तुमची कैफियत भक्कम लागते. हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक), चलन नंबर, वजनकाट्याचं वजन, स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूच्या घटकांची तपासणी) आणि बिल एका ओळीत मांडणारा तक्ता बनवा. एका लॉटचं वजन चलनात ४,२६० किलो आणि पावतीत ४,०९० किलो असं निघालं आणि रिजेक्शनची नोंद कुठंच नाही, तर समोरचा तोच एक लॉट धरून सगळा तक्ता खोटा ठरवायला बघेल. तफावत तुम्हीच आधी लिहा आणि कारण द्या: रायझर, गेटिंगचं (ओतताना कास्टिंगला चिकटून येणाऱ्या जादा धातूचं) वजन, जे असेल ते.

त्याच तक्त्यातून तुमचं दुसरं, आणि माझ्या मते जास्त कामाचं, हत्यार निघतं. लिक्विडेशन रेग्युलेशन्सचा नियम २९ सांगतो की दोन्ही बाजूंचे परस्पर व्यवहार असतील तर दोन्हीकडच्या रकमा वळत्या करून निव्वळ देणं ठरवायचं. समजा आगाऊ ₹१.४० कोटी, गेलेला माल ₹१.३१ कोटी, त्यातलं मान्य रिजेक्शन ₹६ लाख, आणि करारानुसार त्यांच्याकडून येणारा पॅटर्नचा (साचा करायच्या नमुन्याचा) खर्च ₹१९ लाख. हिशेब उलटतो: कंपनीकडेच तुमचे ₹४ लाख निघतात. एवढं कागदावर दिसलं की तारण मिळो न मिळो, तडजोडीची भाषा बदलते. भारती एअरटेल (२०२४) निकालात ठराविक अपवाद वगळता वळतं करायला नकार मिळाला, तो सीआयआरपीच्या, म्हणजे लिक्विडेशनआधी कंपनी वाचवण्याच्या प्रक्रियेच्या, टप्प्यापुरता. लिक्विडेशनमध्ये नियम २९ आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

पण इथं एक खाच आहे. वळतं करणं बचाव म्हणून मांडा, प्रतिदावा म्हणून नको. प्रतिदावा म्हणजे कंपनीविरुद्धची कार्यवाही, आणि तिला कलम ३३(५) ची आडकाठी येऊ शकते. शिवाय प्रतिदाव्यात तेच मुद्दे आले की कोर्ट म्हणतं, हे सगळं असंही चालवायचंच आहे, मग वादीकडून तारण कशाला? कंपनीकडून निघणाऱ्या ₹४ लाखांसाठी लिक्विडेटरकडे फॉर्म सी मध्ये दावा नोंदवा. मुदत लिक्विडेशन सुरू झाल्यापासून ३० दिवस. गेली असेल तर एनसीएलटीत विलंबमाफी मागा.

तारण कशाच्या रूपात? कंपनीची उरलीसुरली मालमत्ता लिक्विडेशन इस्टेट आहे, ती एका प्रतिवादीकडे गहाण टाकणं लिक्विडेटरला सहज जमत नाही. उरतात कोर्टाच्या नावे ठेव, बँक गॅरंटी, किंवा मोठ्या धनको बँकेचं हमीपत्र. छोट्या रकमेला ठेव सर्वांत बरी: आपोआप नूतनीकरण होणारी, कोर्टाच्या हुकमाशिवाय न मोडता येणारी. गॅरंटी घ्यायचीच तर तीन गोष्टी पाहा. लाभार्थीचं नाव कोर्टाच्या पदनामानं आणि दावा क्रमांकासह असावं. मुदत एक वर्षाची आणि दावा पाच वर्षं, असं होऊ नये. मुदत संपायच्या ३० दिवस आधी नूतनीकरण न झाल्यास रक्कम कोर्टात भरावी, हे वाक्य हुकमातच घालून घ्या. आणि शाखा बेळगावची असावी. कोल्हापूर-इचलकरंजीच्या शाखेची गॅरंटी महाराष्ट्राच्या मुद्रांकावर येते आणि मग फरकाचा वाद सुरू होतो. कुणी स्थावराचा जामीन देऊ केला तर नुसत्या पहाणी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा) हो म्हणू नका. बोजा नसल्याचा उपनिबंधकाचा दाखला आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागा.

एनसीएलटीतच आयबीसीच्या कलम ४३, ४५ किंवा ६६ खाली (कंपनीचे आधीचे संशयास्पद व्यवहार तपासायला) अर्ज आला असेल तर ऑर्डर २५ तिथं थेट लागू होत नाही, आणि तारणाच्या मागणीवर फार शक्ती घालवण्यात अर्थ नाही. ज्यांच्यावर सहकारी साखर कारखाना किंवा सोसायटीच्या अवसायकानं दावा लावलाय त्यांनी वर दिलेलं आयबीसीचं काहीही वापरू नये. सहकारी संस्था आयबीसीत येत नाहीत. राज्याची असेल तर कर्नाटक सहकार कायदा, दोन राज्यांत पसरलेली असेल तर बहुराज्य सहकारी संस्था कायदा २००२. ऑर्डर २५ मात्र दिवाणी कोर्टात त्यांनाही लागू आहे.

दाव्याच्या मध्यावर वादी बदलण्याची शक्यता ध्यानात ठेवा. लिक्विडेशन रेग्युलेशन्सच्या नियम ३७अ खाली लिक्विडेटर असे लवकर वसूल न होणारे दावे तिऱ्हाइताला विकू शकतो. घेणारा ऑर्डर २२ नियम १० खाली वादी म्हणून येतो. त्याच तारखेला तारणाचा नवा अर्ज द्या. आता समोर धनकोंचा प्रतिनिधी नाही, नफ्यासाठी दावा विकत घेतलेला माणूस आहे, आणि बऱ्याचदा त्यासाठीच काढलेली एखाद लाख भांडवलाची कंपनी.

हुकूम झाला आणि तारण आलं नाही तर ऑर्डर २५ च्या नियम २ खाली दावा निकालात निघतो. तो गुणदोषांवर हरला असं होत नाही. सबळ कारण दाखवून ३० दिवसांत तो पुन्हा पटावर आणता येतो, त्यामुळे लगेच फाइल बांधून माळ्यावर टाकू नका. उलट तुमचा तारणाचा अर्जच फेटाळला गेला तर त्यावर अपील नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जाता येतं, पण मर्जीच्या हुकमात हायकोर्ट क्वचितच हात घालतं. तो खर्च बहुधा वाया.

खरी संधी अपिलात येते. तुम्ही जिंकलात, खर्चाचा हुकूम झाला, तो लिक्विडेटरकडे मागितला आणि मिळाला नाही, आणि कंपनी धारवाडला अपिलात गेली. ऑर्डर ४१ नियम १० खाली अपिलाच्या आणि मूळ दाव्याच्याही खर्चाचं तारण मागता येतं. ते न दिल्यास अपील फेटाळलं जातं. खालच्या कोर्टात तुम्ही ‘वसूल होणार नाही’ असा अंदाज मांडत होता. आता हातात लिक्विडेटरचं लेखी उत्तर आहे. म्हणून निकाल लागल्यावर खर्चाचा मेमो लगेच दाखल करा, नक्कल आली की लिक्विडेटरला रजिस्टर पोस्टानं मागणी पाठवा, आणि पोचपावती जपून ठेवा.